नोकरी सोडायची हिंमत माणसात असते की तो राहतो त्या जागेत?

ओसरीवरचा

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय म्हणून शेवटी धागा काढतोच.

मी गेली चौदा वर्षं जर्मनीत आहे, दक्षिणेकडे, मशीनचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांच्या पट्ट्यात. आमच्या डिझाईन विभागात एक जण होता, कामाला वाघ. त्याने नोकरी सोडून मोजमापाचं एक उपकरण स्वतः बनवायला घेतलं, अडीच वर्षं चाललं आणि मग बंद पडलं. आता धंदे बंद पडतात, त्यात नवल काही नाही. पण त्यानंतर आमच्या कँटीनमध्ये त्याचं नाव ज्या आवाजात निघायचं तो आवाज माझ्या कानातून जात नाही. शेजारच्या खोलीत आजारी माणूस झोपलाय म्हणून आपण हळू बोलतो ना, तसा. मी एकदा त्याच्या घरी गेलो होतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक करडी जाडजूड फाईल, ज्याचे ज्याचे पैसे द्यायचे त्या प्रत्येकाला रंगीत पुठ्ठा लावून वेगळं केलेलं, आणि सगळ्यात शेवटचा पिवळा पुठ्ठा सासऱ्यांच्या नावाचा. फोन वाजला की उचलायच्या आधी तो बायकोकडे बघायचा. तेवढ्यावरून सगळं कळलं.

इथे कर्जाला 'शुल्डेन' म्हणतात आणि अपराधाला 'शुल्ड'. शब्द एकाच मुळाचा. १९९९ पर्यंत तर इथे दिवाळं निघालेल्या माणसाचं उरलेलं देणं कायद्याने कधी माफ व्हायचंच नाही, कोर्टाचा निकाल ३० वर्षं त्याच्या मागे लागायचा, म्हणजे पस्तिशीत बुडालेला माणूस पासष्टीपर्यंत बुडालेलाच. १९९९ च्या कायद्याने उरलेलं देणं माफ व्हायची वाट झाली, मग बरीच वर्षं ती मुदत ६ वर्षांची होती, आणि १ ऑक्टोबर २०२० पासून अर्ज करणाऱ्यांना ३ वर्षांत मोकळं होता येतं. कागदावर ३० चे ३ झाले. कँटीनमधला आवाज मात्र ३० वालाच आहे.

आणि आपल्या भाषेचं काय वेगळं आहे? 'दिवाळखोर' हा शब्द नीट ऐका. लाचखोर, चुगलखोर, भांडखोर आणि दिवाळखोर. खोर लागला की वाईट खोड आली, धंद्यात नुकसान झालं ही गोष्ट त्या शब्दात बसतच नाही. पोराने काही फोडलं तर 'काय उद्योग करून ठेवलास', कुणी भलतंच काही करत असेल तर 'नसते धंदे'. नोकरी मात्र 'लागते', फळ लागावं तशी. उत्तम शेती मध्यम व्यापार कनिष्ठ नोकरी म्हणणारी भाषा हीच, पण घरात आज कुठला क्रम चालतो ते सगळ्यांना माहीत आहे.

मला प्रामाणिकपणे वाटतं की धाडसी माणसं आणि भित्री माणसं अशी वाटणी आपण फार पटकन करतो. पडल्यावर त्या जागी माणसाचं काय होतं, कोण काय बोलतं, कोण किती वर्षं बोलतं, यावर उडी ठरते. तुम्ही जिथे आहात तिथे काय अनुभव आहे ते लिहा, विशेषतः ज्यांनी उडी मारली किंवा मारता मारता थांबले त्यांनी.

सांजवारा

कॅलिफोर्नियातून लिहितेय. इथली कथा सगळ्यांनी ऐकलेली असते पण तरी सांगते कारण त्यात तुमचाच मुद्दा आहे. १९५७ मध्ये शॉकली या शास्त्रज्ञाच्या कंपनीतून आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही इलेक्ट्रॉनिक भाग बनवणारी कंपनी काढली. त्यांना नाव पडलं 'द्रोही आठ'. म्हणजे सुरुवातीला इथेही नोकरी सोडणं हा द्रोहच होता! मग १९६८ मध्ये त्यांच्यातल्याच नॉइस आणि मूरने फेअरचाइल्ड सोडून इंटेल काढली, आणि १९७२ मध्ये आठातल्या क्लायनरने दुसऱ्यांच्या धंद्यात पैसे घालणारी कंपनी काढली. पंधरा वर्षांत द्रोही म्हणून हिणवलेली माणसं दुसऱ्यांना उडी मारायला पैसे देणारी झाली. आज इथे मुलाखतीत बंद पडलेल्या कंपनीबद्दल अगदी सहज विचारतात, काय शिकलात, परत केलंत तर काय वेगळं कराल, आणि उत्तर मन लावून ऐकतात.

पण हे सगळं माझ्यासाठी आहे का, तर नाही. मी एच-वन-बी वर आहे, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावर. नोकरी गेली तर ६० दिवस, तेवढ्यात दुसरी मिळवा किंवा सामान आवरा. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझ्या टीममध्ये एक इथेच जन्मलेला मुलगा होता, मागच्या उन्हाळ्यात तो स्वतःचं काही करायला नोकरी सोडून गेला, आठ महिन्यांनी परत दुसऱ्या कंपनीत लागला, सगळे त्याच्याशी हसून बोलतात. मी त्याच्यापेक्षा कमी धाडसी आहे असं मला वाटत नाही. मी बावीसाव्या वर्षी दोन बॅगा घेऊन एकटी इथे आलेय. एकाच ऑफिसात, एकाच रांगेत बसून दोघांच्या पायाखालची जमीन वेगळी असते एवढंच. वर इथे दवाखान्याचा विमाही नोकरीला बांधलेला, मुलं लहान असली की तो सोडताना पोटात गोळा येतो. तेव्हा 'जागेची संस्कृती' म्हणताना त्या जागेतल्या कुणाची, हेही विचारायला हवं.

जुनाजाणता

सांजवारा, तुमच्या १९५७ ला जोडून सांगतो. मी बॉस्टनकडचा, १९८६ पासून इथे. त्याच १९५७ साली इकडे मेनार्ड गावातल्या एका जुन्या लोकरीच्या गिरणीत केन ओल्सन यांनी डीईसी ही कॉम्प्युटर कंपनी सुरू केली, आणि बॉस्टनभोवतीच्या रूट १२८ या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॉम्प्युटर कंपन्यांची रांगच लागली. विद्यापीठं इकडे जास्त जुनी, सरकारी पैसा इकडे भरपूर, हुशार माणसांचा तोटा नाही. तरी पुढे बाजी मारली कॅलिफोर्नियाने. मग सगळे म्हणायला लागले, इकडची माणसं मुळात जपून वागणारी, एका कंपनीत जन्म काढणारी, तिकडची मोकळी.

मी त्या जपून वागणाऱ्यांतला एक. आता खरं काय झालं ते लिहितो, मुलांनाही कधी नीट सांगितलं नाहीये. नव्वदीच्या दशकात आम्ही तिघं मित्र डेटा साठवणुकीचं एक काम घेऊन बाहेर पडणार होतो. रात्री माझ्या तळघरात बसायचो, एक जुना फळा होता, त्यावर खर्च मांडलेला. नोकरीला लागताना सही केलेला कागद घेऊन वकिलाकडे गेलो, त्याने एका ओळीवर पेन ठेवलं आणि ती दोनदा मोठ्याने वाचली. सोडल्यापासून वर्षभर त्याच क्षेत्रात काम करायचं नाही. कंपनी कोर्टात गेली तर? वकील म्हणाला, जाईल, आणि या राज्यात तिचं ऐकलंही जाईल. वर्षभर पगाराशिवाय थांबणं तिघांनाही शक्य नव्हतं. फळा पुसायला कुणी उठेना, शेवटी मीच पुसला.

कॅलिफोर्नियात तशी अट १८७२ पासून कायद्याने चालतच नाही. अठराशे बहात्तर! तेव्हा कुणाच्या स्वप्नात चिप नव्हती. कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी एक कलम लिहिलं आणि आज लोक त्याला तिथल्या हवेतला मोकळेपणा म्हणतात. आमच्याकडे २०१८ मध्ये कायदा बदलला, आता बहुतेक ठिकाणी ही अट वर्षापेक्षा जास्त लावता येत नाही आणि ती लावायची तर कंपनीला त्या काळात पगाराचा काही भाग किंवा आधी ठरलेला दुसरा मोबदला द्यावा लागतो. माझ्या कामाचा नाही तो आता. पण मुलगा जेव्हा म्हणतो बाबा तुम्ही कधी रिस्क घेतली नाहीत तेव्हा तो फळा आठवतो.

खारीचा_वाटा

धागा फार छान चाललाय पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. तुम्ही सगळे कायद्याकडे वळताय आणि मला वाटतं घर हे कायद्यापेक्षा मोठं आहे.

मी नऊ वर्षं जपानमध्ये आहे. इथे कॉलेज संपलं की सगळ्यांनी एकाच वेळी, एप्रिलमध्ये, नोकरीला लागायचं. ती गाडी चुकली की पुढच्या गाडीत तीच जागा मिळत नाही. आणि इथे एक शब्द आहे, ओयाकाकू. मुलाला नोकरी द्यायच्या वेळी कंपनी त्याच्या आईवडिलांची संमती आहे ना ते विचारून घेते. बावीस वर्षांच्या पदवीधराची! कारण नाव न ऐकलेली छोटी कंपनी असेल तर आईवडील नको म्हणतात आणि मुलं शेवटच्या क्षणी माघार घेतात. अशीच बायकोने नोकरी बदलायला नाही म्हटलं तर त्यालाही शब्द आहे, योमे ब्लॉक. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, आणि कायदा बदलून ते जाणारही नाही.

आता कर्जाचं. इथे धंद्याच्या कर्जाला मालकाने स्वतः जामीन राहायचं आणि वर नातेवाइकांनाही जामीन घालायचं हे पिढ्यान् पिढ्या चाललं. आमच्या गल्लीत एक छपाईचा कारखाना होता. मालक बुडाला तेव्हा त्याच्यासोबत त्याच्या काकांचं घर गेलं. काका त्या कारखान्यात कधी पाऊलही ठेवलेले नव्हते. घर रिकामं करायच्या दिवशी मी खिडकीतून बघत होते, काकू झाडांच्या कुंड्या एकेक करून शेजाऱ्यांच्या दारात नेऊन ठेवत होत्या आणि प्रत्येक दारात वाकून नमस्कार करत होत्या. स्वतःच्या जिवावर हिंमत करता येते हो, काकांच्या घरावर कशी करायची? एप्रिल २०२० पासून नियम बदललाय, धंद्याशी संबंध नसलेल्या माणसाला जामीन राहायचं असेल तर आधी नोटरीसमोर जाऊन आपली तयारी आहे हे सांगावं लागतं. चांगलंच झालं. पण पुतण्याने काकांना विचारलं आणि काकांना 'नाही' म्हणता आलं नाही, ही गोष्ट नोटरीसमोरही तशीच राहते.

ओसरीवरचा

खारीचा_वाटा, तुमच्या काकूंच्या कुंड्या वाचून थांबलो थोडा वेळ. खरं आहे, नात्यातला संकोच कागदाने सुटत नाही. पण एक विचारतो, काकांना जामीन घालायची वाट कायद्याने आणि बँकेनेच तर उघडी ठेवली होती ना? ती नसती तर पुतण्या काकांकडे आशीर्वाद मागायला गेला असता, घर मागायला नाही. मला वाटतं तीन पिढ्या लोकांनी घरं जाताना बघितली आणि त्यातून 'आमच्यात धंदा करत नाहीत' असं घराचं वळण तयार झालं. आता वळण पक्कं झालं म्हणून ते रक्तात आहे असं वाटतं.

स्पष्टवक्ता

माफ करा पण हे सगळं वाचून मला वाटतं आपण न करायची कारणं गोळा करतोय. ज्याला करायचं तो कुठेही करतो. परदेशात गेलेले लोक बघा, ना भाषा, ना ओळख, ना नातेवाईक, तरी दुकानं टाकतात, गाड्या चालवतात, पोरांना शिकवतात. त्यांच्यामागे कुठला कायदा उभा होता? आतून आग लागते. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये हे ज्याला पटतं त्याने खुशाल नोकरी करावी, वाईट काहीच नाही त्यात, पण दोष जागेला देऊ नये.

पाऊलखुणा

स्पष्टवक्ता, तुमचं म्हणणं मनापासून आलंय आणि अर्धं मला पटतंही. पण ते परदेशात गेलेले लोक बघताना हेही बघा की त्यांच्यापुढे चांगली नोकरी होती का. इथे फ्रान्समध्ये माझ्या इमारतीत खाली एक शिंपी आहेत, आपल्या देशात इंजिनियर होते, इथे त्यांची पदवी चालली नाही. त्यांनी काय सोडलं? सोडायला काही नव्हतंच. ज्याच्या हातात काहीच नाही त्याची उडी आणि ज्याच्या हातात वीस वर्षांची नोकरी आहे त्याची उडी एका तराजूत तोलू नका.

आणि जागेला दोष द्यायचा नाही म्हणता तर हे ऐका. फ्रान्समध्ये २०१३ पर्यंत कंपनी दिवाळखोरीत निघाली की मालकाच्या नावापुढे बाँक द फ्राँस या इथल्या मध्यवर्ती बँकेच्या नोंदीत ०४० हा आकडा पडायचा आणि तीन वर्षं राहायचा. चोरी नाही, फसवणूक नाही, फक्त एकदा कंपनी बुडाली म्हणून. सगळ्या बँकांना तो दिसायचा. माझ्या नवऱ्याच्या नावापुढे तो होता. एका बँकेत आम्ही घरासाठी कर्ज मागायला गेलो, समोरची बाई चांगली हसतमुख बोलत होती, कॉम्प्युटरकडे बघितलं आणि तिचं बोलणं मध्येच थांबलं. तिने स्क्रीन थोडी स्वतःकडे वळवून घेतली. तेवढंच. बाहेर आल्यावर नवरा गाडीत बराच वेळ किल्ली न फिरवता बसून होता. त्या सप्टेंबरात सरकारने तो आकडा काढून टाकला तेव्हा मी वर्तमानपत्रातलं ते कात्रण फ्रिजवर लावलं होतं. त्याच्या आत आग होतीच हो, विझवणारा आकडा होता तो. २०१९ च्या शेवटापासून इथे पाच वर्षं सलग नोकरी केलेल्याने धंद्याची पक्की योजना दाखवून राजीनामा दिला तर बेकारभत्ताही मिळू शकतो. आमच्या ओळखीतल्या दोघांनी त्यावरच सुरू केलं, आधी दोघेही 'आपलं काम नाही ते' म्हणायचे.

उंबरठा

फिनलंडमधून, औलू. संस्कृती बदलते का आणि किती वेळात, याचं उत्तर मी डोळ्यांनी बघितलंय. आमचं गाव म्हणजे नोकिया. जावयाची नोकरी तिथे आहे म्हटलं की पुढे काही विचारायचं नाही. मग २०११ पासून माणसं कमी व्हायला लागली आणि २०१४ मध्ये फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टकडे गेला. तेव्हा नोकियाने 'ब्रिज' नावाची योजना काढली होती, जाणाऱ्या माणसाला स्वतःचं काही सुरू करायचं असेल तर माणशी २५,००० युरोपर्यंत मदत, चौघं एकत्र आले तर एक लाख. त्यातून सुमारे हजार छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यात कितीतरी असे होते जे एरवी निवृत्त होईपर्यंत हलले नसते, त्यांना मी ओळखते. आल्टो विद्यापीठाच्या मुलांनी २०१० पासून १३ ऑक्टोबरला 'अपयशाचा दिवस' पाळायला सुरुवात केली, मोठी माणसं पुढे येऊन आपलं काय चुकलं ते सांगतात.

हे चांगलंच आहे पण मला एक बोचतं. स्टेजवर कोण येतं? जो पुढे जिंकला तो. किंवा ज्याचं सॉफ्टवेअर होतं. आमचा दोन गाड्यांचा मालवाहतुकीचा धंदा बुडाला, माझ्या नवऱ्याचा, तेव्हा कुणी माईक हातात दिला नाही. गाडी ओढून न्यायला आले त्या सकाळी बर्फ होता आणि नवरा फावडं घेऊन चाकांपुढचा बर्फ काढत होता, ते घेऊन जाणार होते तरी. गाडी चांगल्या अवस्थेत जावी म्हणून. त्या अपयशाला कुठल्याच देशात अजून दिवस नाही मिळालेला. ट्रक, केशकर्तनालय, खानावळ, यांचं बुडणं आजही लाजेचं आणि ॲपचं बुडणं अनुभवाचं. हा भेद मला पासपोर्टाच्या भेदापेक्षाही मोठा वाटतो.

कासवगती

मी इतके दिवस नुसती वाचत होते. आता लिहिते कारण मी खरंच काठावर उभी आहे.

स्वीडनमध्ये आहे. इथे १९९८ पासून कायदाच आहे की स्वतःचा धंदा करून बघण्यासाठी नोकरीतून सहा महिन्यांपर्यंत बिनपगारी रजा मागता येते, नोकरी शाबूत राहते. अट एवढीच की मालकाशी स्पर्धा करणारा धंदा नको आणि मालकाची मोठी अडचण व्हायला नको. म्हणजे ओसरीवरचा म्हणतात त्या पडण्यासाठी इथे खाली जाळी बांधलेली आहे. तरी माझ्या चाळीस जणांच्या विभागात एकानेही ती रजा घेतलेली मला माहीत नाही. इथे 'यांटेचा नियम' म्हणतात तो हवेत असतो, तू कुणी विशेष आहेस असं समजू नकोस. कुणी बोलत नाही पण कळतं. आणि आईला फोनवर सांगितलं तर ती गप्प झाली, मग म्हणाली, लागलेली नोकरी आहे गं.

मला ऐकायला कमी येणाऱ्या मुलांसाठी खेळणी बनवायची आहेत, दोन नमुने तयार आहेत. विचारायचं एवढंच की तुम्ही घरच्यांना कसं सांगितलंत?

जुनाजाणता

कासवगती, घरच्यांना आकडा सांगा, स्वप्न सांगू नका. किती महिने, किती पैसे, आणि कुठल्या तारखेला थांबायचं. माझ्या बायकोने मला तेव्हा फक्त एक विचारलं होतं, संपलं हे तुला कसं कळणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे तर कायद्यानेच तारीख दिलीय, सहा महिने.

खारीचा_वाटा

आणि आईच्या गप्प बसण्याला नकार समजू नका. माझी आई तीन आठवडे गप्प होती, नंतर कळलं की तेवढे दिवस ती शेजारच्या काकूंकडे माझ्याच बाजूने भांडत होती. कुणाला जामीन मात्र घालू नका. कुणालाही नाही.

सांजवारा

नमुन्यांचे फोटो टाका ना. माझ्या भाचीला लहानपणापासून मशीन लागलंय कानाला, तिच्या आईला दाखवते.

कासवगती

उशिरा आले पण सांगायचं होतं. रजा सुरू व्हायच्या तीन महिने आधी कळवावं लागतं, काल दिलं पत्र. साहेबांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, अशी रजा असते हे मला माहीत होतं, माझ्या हाताखालच्या कुणी मागितली नव्हती कधी. आणि मग दार लावून घेऊन विचारलं की अर्ज कुठून मिळतो, त्यांच्या मुलीला हवाय.

आईला फळ्यावर लिहितात तसे महिने लिहून पाठवले. तिने फक्त शेवटच्या तारखेभोवती गोल काढून फोटो परत पाठवलाय. सांजवारा, फोटो तुम्हाला व्यक्तिगत पाठवते, एकाचा रंग अजून सुकायचाय.